नाणेघाटाची एक मजल

पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली, की मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथल्या घराघरांतून एक बेत शिजू लागतो. एक दिवस काढायचा, सह्याद्रीत जायचं, कडे पाहायचे, धबधब्यात भिजायचं आणि रात्री झोपायला आपल्या घरी परत यायचं. कुणी गाडीची वेळ बघतं, कुणी डब्यात काय न्यायचं ते ठरवतं, कुणी किती जण येणार याची मोजदाद करतं. या बेताला आपण सहल म्हणतो, ट्रेक म्हणतो, आणि ही अलीकडची, शहरातली, सुटीच्या दिवसाची हौस आहे असं धरून चालतो.

हौस अलीकडची आहे, हे खरं. पण डोंगराची एक चढण एका दिवसात कशी उरकायची, वाटेत पाणी कुठे मिळेल, थांबायचं कुठे आणि मुळात कोणत्या महिन्यात निघायचं, हे प्रश्न मात्र फार जुने आहेत. आपल्या महाराष्ट्रात एक वाट अशी आहे, जिथे या प्रश्नांची दोन हजार वर्षांपूर्वीची उत्तरं दगडात कोरलेली आजही पाहायला मिळतात. ती वाट म्हणजे नाणेघाट. आज आपण या घाटाकडे पाहू या, आणि आपल्या रविवारच्या बेताला त्यातून काही शिकता येतं का, तेही पाहू या.

आधी वाट कुठली ते सांगतो. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जो रस्ता जातो, त्या रस्त्यावर, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात, वैशाखरे नावाचं गाव लागतं. गावापासून थोडं पुढे रस्ता सोडला, की पायवाट सुरू होते. आधी सपाटीवरचं रान, मग ओढे, मग चढ आणि शेवटी दगडात बसवलेल्या पायऱ्या. बेताच्या चालीनं अडीच-तीन तासांत माणूस माथ्यावर पोचतो. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट. वर चढताना डोळ्यांसमोर एक कडा सतत असतो. अंगठा वर करून दाखवावा तसा त्याचा आकार, म्हणून त्याचं नावच नानाचा अंगठा. शेजारी जीवधन किल्ला आणि त्याला लागून उभा असलेला वानरलिंगीचा सुळका. खिंडीतून पलीकडे गेलं, की पुणे जिल्हा सुरू होतो. घाटघर हे गाव लागतं आणि तिथून तीसेक किलोमीटरवर जुन्नर.

म्हणजे एका बाजूला कोकण, दुसऱ्या बाजूला देश, आणि मधे ही खिंड. सह्याद्रीची कोकणाकडची बाजू भिंतीसारखी तुटलेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, त्यांचा हा काळा पाषाण. थर सारख्या ताकदीचे नाहीत. मऊ थर झिजतो, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, आणि पावसाचं पाणी या पायऱ्यांवरून खाली उड्या घेतं. आपण ज्या कड्यांसाठी आणि धबधब्यांसाठी जातो, ते असे झाले. पण ज्याला पाठीवर माल लादलेले बैल घेऊन वर जायचं आहे, त्याच्या दृष्टीनं हीच मोठी अडचण. भिंतीत जिथे फट सापडेल, तिथूनच वाट काढायची. नाणेघाट ही तशी एक फट.

या फटीला इतकं महत्त्व का आलं, ते कळायला थोडं समुद्राकडे वळावं लागेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक माणसानं, बहुधा इजिप्तमध्ये राहणाऱ्या, व्यापाऱ्यांसाठी एक माहितीपुस्तक लिहिलं. 'पेरिप्लस' या नावानं ते ओळखलं जातं. त्यात आपलं कल्याण आहे, पैठण आहे, आणि तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेरही आहे. पैठणहून गोमेदासारखे रंगीत खडे येतात, तगरहून कापड येतं, हा माल गाड्यांवर घालून बिकट मुलखातून भडोचला नेला जातो, असं तो सांगतो. कल्याणबद्दल त्याची तक्रार आहे. पूर्वी हे रीतसर बंदर होतं, पण आता तिथे अडवणूक होते आणि चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच, तर पहाऱ्यात भडोचला पाठवलं जातं, असं तो लिहितो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातली बंदरांसाठीची ओढाताण या एका तक्रारीतून दिसते. कल्याणला उतरलेला माल पैठणला न्यायचा, तर मधे जुन्नर. आणि जुन्नरला पोचायचं, तर मधे हा घाट. जुन्नरच्या डोंगरांतल्या बौद्ध लेण्यांत तीन यवनांच्या, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी माणसांच्या, देणग्यांचे लेख आहेत. एवढ्या दूरची माणसं जुन्नरपर्यंत येत होती, ती अशाच घाटवाटांनी.

आता बेताकडे येऊ. माल लादलेला बैल काही आपल्यासारखा अडीच तासांत घाट चढत नाही. पुढच्या काळातल्या वंजारी-लमाणांच्या तांड्यांबद्दल आपल्याला बऱ्यापैकी माहिती आहे. मोठा तांडा दिवसाला सहा-सात मैलांहून फारसा पुढे जात नसे. जनावरांना चरायला वेळ लागे, लादणं-उतरवणं असे. सपाटीवर ही गत, तर चढणीवर काय? पायथ्याच्या वस्तीपासून निघून माथ्यापर्यंत जाणं ही अशा काफिल्याची एक पूर्ण मजल व्हायला हरकत नाही. 'मजल दरमजल' हा शब्दप्रयोग आपण आज सहज वापरतो, पण मजल म्हणजे दिवसाचा पल्ला, आणि पल्ला ठरतो तो पाण्यावर आणि मुक्कामाच्या जागेवर. नाणेघाटाच्या माथ्यावर या दोन्ही गोष्टी कातळात खोदून ठेवलेल्या आहेत. तेव्हा ही चढण एका दिवसाची मजल धरूनच तिथे सोय केली असावी, असा तर्क करायला मोकळीक आहे.

पाण्याचं आधी पाहू. घाटाच्या वाटेवर आणि माथ्याजवळ कातळात खोदलेली टाकी आहेत. त्यांतल्या एकावर प्राकृत भाषेत, ब्राह्मी लिपीत, एक छोटासा लेख आहे. त्याचा अर्थ इतकाच, की हे टाकं म्हणजे सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान. टाक्याला तिथे शब्द वापरला आहे 'पोढी'. सोपारं म्हणजे वसईजवळचं आजचं नालासोपारा, त्या काळचं नावाजलेलं बंदर. गोविंददास कोण, काय करत होता, लेख काही सांगत नाही. पण समुद्रकाठच्या बंदरात राहणारा माणूस कित्येक मजला दूर असलेल्या डोंगरावर पाण्याचं टाकं खोदून घेतो, याचा अर्थ त्याच्या गावची माणसं त्या वाटेनं जात असली पाहिजेत. घशाला कोरड पडली, की काय होतं, हे त्यांना ठाऊक असलं पाहिजे.

हा काही एकट्या गोविंददासाचा विचार नव्हता. जुन्नरच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपान याच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे. त्यानंही पोढी आणि मंडप दान दिला. नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यातला लेख तर मोठा वाचनीय आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन, सोपारं इथे त्यानं चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी केली, डहाणूच्या, दमणच्या आणि इतर नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, आणि नद्यांच्या दोन्ही काठांवर प्रपा उभारल्या. प्रपा म्हणजे पाणी पाजण्याची जागा. आपली पाणपोई ती हीच. वाटसरूच्या वाटेवर पाणी ठेवणं हे या प्रदेशात पुण्याचं काम मानलं गेलं, आणि राजापासून एखाद्या साध्या गृहस्थापर्यंत सगळ्यांनी ते केलं.

मुक्कामाची सोय म्हणजे घाटमाथ्यालगतची गुहा. ही गुहा माणसानं खोदलेली, चौकोनी, ऐसपैस आहे. ती बौद्ध भिक्षूंसाठीच्या विहारासारखी नाही. तिथे कोठड्या नाहीत, स्तूप नाही. दमलेल्या माणसांनी टेकावं अशी ती जागा आहे. आणि याच गुहेच्या भिंतींवर महाराष्ट्राच्या इतिहासातला एक फार मोलाचा लेख कोरलेला आहे. डाव्या आणि उजव्या भिंतीवर मिळून वीसेक ओळी आहेत. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. नंतर सातवाहन राजा सातकर्णी आणि त्याची राणी यांनी केलेल्या यज्ञांची यादी आहे. अश्वमेध आहे, राजसूय आहे. प्रत्येक यज्ञात काय दक्षिणा दिली, त्याचे आकडे आहेत. एका ठिकाणी ११,००० गाई आणि १,००० घोडे, दुसऱ्या ठिकाणी २४,४०० कार्षापण नाणी. राणीचं नाव नागनिका. नवऱ्याच्या पश्चात तिनं व्रतस्थ राहून, उपासतापास करून आयुष्य काढल्याचा उल्लेखही त्यात आहे. लेखाचा काळ इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. काहींच्या मते तो आणखी मागे जातो.

समोरच्या भिंतीवर पूर्वी पुतळे होते. प्रत्येकाच्या वर नाव कोरलेलं : घराण्याचा संस्थापक सिमुक, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, राजकुमार, आणि एक महारठी, जो बहुधा राणीचा पिता. पुतळे आज नाहीत. पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत आणि वरची नावं आहेत. पण ते पुतळे होते तेव्हाचं चित्र मनात आणून पाहा. उन्हातून, घामाघूम होऊन वर आलेला व्यापारी गुहेत शिरतो. पाठ टेकतो. डोळे उघडतो, तर समोर सगळं राजघराणं उभं! ही वाट कुणाच्या राज्यातली, इथली शांतता कुणाच्या जोरावर, हे त्याला कुणी वेगळं सांगायला नको. यज्ञाचा लेख राजधानीच्या देवळात नाही, तर घाटात कोरला, कारण माणसं थांबत होती ती घाटात.

गुहेच्या वर, खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं, आणि घाटाचं नावही लोक नाण्यांशी जोडतात. नाना आणि गुणा या दोन भावांनी पैज लावून घाट बांधल्याची गोष्टही गावांतून ऐकायला मिळते. त्यात नाना जिंकला. रांजणाचं काम काहीही असो, व्यापारी वाटेवर जकात असणार, हे उघड आहे. जकात घेणाऱ्यावर वाट राखण्याची जबाबदारी येते. पायऱ्या ढासळल्या तर दुरुस्त करायच्या, चोराचिलटांचा बंदोबस्त करायचा. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी ही जुन्नरभोवतीच्या किल्ल्यांची माळ पुढच्या काळात याच वाटांवर नजर ठेवून होती.

पाणी झालं, मुक्काम झाला, रखवाली झाली. आता या बेतातली चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट : ऋतू. आणि इथेच जुना बेत आणि आपला बेत एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात.

पेरिप्लसचा लेखक सांगतो, की भडोचकडे येणारी जहाजं इजिप्तहून जुलैच्या सुमाराला निघत. नैर्ऋत्येचे मोसमी वारे त्यांना अरबी समुद्र ओलांडून आणत. म्हणजे जहाजं आपल्या किनाऱ्याला लागायची तोवर पावसाचा जोर ओसरलेला असे. आपल्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पाण्यात घालण्याची रीत आहे, तीही याच वेळापत्रकातली. मग येतो दसरा, सीमोल्लंघनाचा दिवस. पाऊस संपला, नद्या उतरल्या, वाटा वाळल्या, की फौजा आणि काफिले बाहेर पडायचे. पावसाळ्याच्या सुमाराचे चार महिने म्हणजे चातुर्मास. बौद्ध भिक्षूंना वर्षावासाचा नियम होता. पावसाळ्यात भटकायचं नाही, एका जागी राहायचं. सह्याद्रीतली कितीतरी लेणी या वर्षावासाच्या सोयीसाठी उपयोगी पडली.

कुणी म्हणेल, आपली आषाढी वारी तर भर पावसात निघते. निघते खरी. पण ती देशावरून जाते, घाटमाथ्याच्या पावसापासून दूर. हा फरक किती मोठा आहे, ते आकड्यांतून कळतं. महाबळेश्वरसारख्या माथ्यावरच्या ठिकाणी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्यात सात-साडेसातशे. शिवाय वारीचा प्रत्येक मुक्काम, प्रत्येक विसावा आधीच ठरलेला असतो. नियोजनाचा तो एक आदर्शच म्हणायला हवा.

तात्पर्य, ज्यांनी हा घाट बांधला आणि राबवला, त्यांच्या दृष्टीनं पावसाळा हा घाटाचा हंगाम नव्हताच. धो-धो पावसात बैलाचा पाय निसरड्या पायरीवर टिकत नाही, ओढे घटकेत फुगतात, कड्यावरून दगड सुटतात. हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

या घाटाचा इतिहास आपल्याला परत कसा मिळाला, तेही ऐकण्यासारखं आहे. १८२८ च्या उन्हाळ्यात विल्यम साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी इथे आला. साइक्सला दख्खनच्या जमिनीपासून पक्ष्यांपर्यंत सगळ्याचं कुतूहल होतं. त्यानं गुहेतली अक्षरं पाहिली, त्यांच्या नकला केल्या आणि १८३७ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. ब्राह्मी लिपीचं कोडं सोडवणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या नजरेखालून त्या गेल्या. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेखाचा आणि विशेषतः त्यातल्या अंकांचा बारकाईनं अभ्यास केला. १८८३ मध्ये जर्मन पंडित ब्यूलर यांनी लेखाचं वाचन प्रसिद्ध केलं. आपल्या वासुदेव विष्णू मिराशींनी पुन्हा त्याचा विचार केला. दक्षिणेचे हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात आली. भारतात अंक कसे लिहीत, याचा हा फार जुना पुरावा आहे. त्यात शून्य नाही. दहाला, वीसाला, शंभराला, हजाराला वेगवेगळी चिन्हं आहेत, आणि ती जोडून मोठी संख्या लिहिली आहे. राणीनं दान दिलेल्या गाईंचा हिशेब अशा रीतीनं गणिताच्या इतिहासात जाऊन बसला.

याच साइक्सचं नाव आणखी एका गोष्टीसाठी आपले डोंगरभटके घेतात. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून खालच्या ढगात पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध स्वतःची सावली त्यानं पाहिली, आणि दख्खनच्या हवामानावरच्या १८३५ च्या निबंधात तिचं वर्णन केलं. आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. कडा आणि ढग यांच्याकडे केवळ अडचण म्हणून नव्हे, तर पाहण्याची गोष्ट म्हणून बघणाऱ्या नजरेची ही एक सुरुवातीची नोंद आहे. आपला रविवारचा बेत या नजरेचाच वारस.

पण गंमत अशी, की साइक्स कड्यांकडे कुतूहलानं पाहत होता, त्याच सुमाराला नाणेघाटासारख्या वाटांचे दिवस भरत आले होते. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली, आणि दोन वर्षांनी थळघाटातून. मुंबईचा माल पुण्याला आणि नाशिकला आगगाडीतून जाऊ लागला. बैलांच्या घाटवाटा मागे पडल्या. राखणारा कुणी उरला नाही, जकातही उरली नाही. वाट उरली ती वरच्या-खालच्या गावकऱ्यांपुरती : आठवड्याच्या बाजाराला, लेकीबाळींकडे, सोयरिकीला जाण्यासाठी. घाटातल्या पायऱ्यांवर दीडशे वर्षं पावलं पडत राहिली, ती मुख्यतः या माणसांची. त्यानंतर आपण आलो.

आपण येतो ते पावसात. त्यात नवल नाही. पावसातला नाणेघाट पाहिला, की माणूस वेडा होतो. माथ्यावरचं पाणी कड्यावरून खाली झेपावतं आणि खालून येणारा वारा त्याला परत वर फेकतो. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. यात चमत्कार काही नाही. अरबी समुद्रावरून सुसाट आलेला वारा कड्याच्या भिंतीवर आदळतो. त्याला पुढे जायला जागा नाही, म्हणून तो भिंतीलगत वर चढतो आणि खिंडीच्या चिंचोळ्या तोंडातून घुसताना आणखी जोर धरतो. पाण्याची धार बारीक असली, तर या वाऱ्यापुढे तिचं काही चालत नाही. ज्या वाऱ्यानं इजिप्तची जहाजं आणली, तोच हा वारा.

पण ध्यानात ठेवायला हवं, की हा सोहळा आपण अशा हंगामात पाहतो आहोत, जेव्हा वाट आखणारे स्वतः वाटेवर पाऊल टाकत नव्हते. म्हणून आपल्याला त्यांच्याहून जास्त विचार करून निघायला हवं. प्रत्यक्षात आपण कमी करतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती काही अवघड कड्यावर चढलेली नव्हती. रविवारचा दिवस होता, घरची मंडळी बरोबर होती. ओढ्याचं पाणी एकाएकी वाढलं, एवढंच. आपण उभे असतो तिथे पाऊस नसला, तरी वरच्या पठारावर तो कोसळत असतो, आणि ते पाणी खाली यायला वेळ लागत नाही.

तेव्हा बेत कसा करावा? जुन्या माणसांनी ठेवलेल्या चार खुणांवरूनच जाऊ.

पहिली खूण ऋतूची. खालून वर, वैशाखऱ्याच्या बाजूनं, सगळी चढण चढायची असेल आणि गुहा, लेख, टाकी निवांत पाहायची असतील, तर दसऱ्यानंतरचे दोन-तीन महिने उत्तम. वाट कोरडी, रान हिरवं, हवा थंड. भर पावसात धबधबाच पाहायचा असेल, तर जुन्नर-घाटघरकडून गाडीरस्त्यानं माथ्यावर जाता येतं. तिथे कड्याच्या काठापासून लांब उभं राहून पाहावं. वारा पाण्याला उलटं फेकतो, तो माणसाचाही तोल घालवू शकतो. हवामान खात्यानं अतिवृष्टीचा इशारा दिला असेल, किंवा प्रशासनानं बंदी घातली असेल, तर बेत पुढच्या आठवड्यावर ढकलावा. चातुर्मास पाळणाऱ्यांना भित्रं कुणी म्हटलं नाही.

दुसरी खूण पाण्याची. टाकी आहेत म्हणून बाटली न नेण्याचे दिवस गेले. माणशी दोन-तीन लिटर पाणी घरून न्यावं. आणि ज्या ओढ्यातून जाताना पाणी घोट्यापर्यंत होतं, ते येताना गुडघ्याच्या वर असेल, तर उतरू नये. थांबावं. पाऊस थांबला, की डोंगरातला ओढा जसा चढतो तसाच उतरतोही. धबधब्याच्या थेट खाली उभं राहू नये. पाण्याबरोबर दगड येतात.

तिसरी खूण मजलेची, म्हणजे वेळेची. तीन तास चढायला, दोन-अडीच तास उतरायला, दोन तास वर. सकाळी सातला पायथा सोडला, तर दुपारी दोनपर्यंत माथा सोडायचाच, असं निघतानाच ठरवावं. परतायची ही वेळ गटातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी, आणि घरी कुणाला तरी सांगून ठेवलेली असावी. गटाची चाल सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीवर ठरते. तांड्याचा वेगही असाच ठरत असे.

चौथी खूण वाट राखणाऱ्यांची. आज जकातीचा रांजण रिकामा आहे, पण वाट माहीत असलेली माणसं अजून तिथेच आहेत. वैशाखऱ्यातला किंवा घाटघरातला एखादा वाटाड्या बरोबर घ्यावा, जेवण गावातच सांगावं, आणि त्यांचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. 'आज वर जाऊ नका, दादा,' असं गावातल्या म्हाताऱ्या माणसानं सांगितलं, तर तो हवामानाचा सगळ्यांत जवळचा अंदाज समजावा.

आणि एक गोष्ट, जी बेताच्या यादीत सहसा नसते. गोविंददासानं या वाटेवर पाणी ठेवलं. आज अशा टाक्यांत प्लॅस्टिकच्या बाटल्या, खाऊची रिकामी पाकिटं तरंगताना दिसतात. गुहेत ज्या भिंतीवर राणी नागनिकेचा लेख आहे, तसल्या भिंतींवर लोक स्वतःची नावं खरडतात. दोन हजार वर्षं ऊनपावसानं जे पुसलं नाही, ते आपण एका रविवारी खराब करू शकतो. घाट चढायला निघताना पाठीवरच्या पिशवीत एक रिकामी पिशवी जास्तीची ठेवावी. आपला कचरा तर तीत भरून आणावाच. शिवाय टाक्यात दुसऱ्या कुणाची बाटली दिसली, तर तीही उचलावी. पोढी खोदून देणं आपल्याला जमणार नाही. असलेली पोढी स्वच्छ ठेवणं जमेल.